दादाची सोबत

"ताई, या बाथरूमला आतून कडीच नाही. तुटली का काढली?"

सुतार लातूरकडचे. बोलायला गोड, आणि कामाआधी चौकशा फार. मी म्हटलं, "बसवलीच नव्हती."

"मग एवढी वर्षं काय करत होता?"

"बोलत बोलत अंघोळ करत होतो."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवली. पुण्यातली माणसं अशीच असतात, असं त्यांनी मनात ठरवलं असणार. ठरवू देत. फ्लॅट विकायला काढलाय, घेणारे म्हणतात दारं-कड्या सगळं ठाकठीक करून द्या, म्हणून सुतार बोलावले. नाहीतर कडीवाचून माझं काही अडलेलं नव्हतं. दादा गेल्यानंतरही मी ती बसवून घेतली नाही. आळस म्हणा हवं तर.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सोपान. पुण्याजवळ मांजरी गावात आमचा मळा होता. तिथेच तो जन्मला, उसात वाढला, आणि रांगायला लागला तेव्हापासून त्याला फिट यायच्या. गावात या दुखण्याला जुनं नाव आहे, पण आमच्या घरात ते कुणी तोंडातून काढलं नाही. आम्ही नुसतं 'आली' म्हणायचो. "आज आली का?" "आली व्हती सकाळच्याला." एवढ्यावर आमचं भागायचं.

यायच्या आधी त्याची नजर कुठेतरी लागायची. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं आणि मग उभ्याचा आडवा. आई हंबरडा फोडायची. आप्पा, आमचे वडील, "सोप्या, आरं सोप्या" करत त्याला कुशीवर घ्यायचे. वस्तीवरची माणसं गोळा व्हायची. कुणी वहाण हुंगवा म्हणायचं, कुणी अंगारा लावा म्हणायचं. थोड्या वेळाने सगळं निवळायचं, दादा डोळे उघडायचा, आणि त्याला सगळ्यात आधी काय दिसायचं, तर रिंगण करून उभी राहिलेली माणसं आणि मधे रडणारी आई. दादा म्हणायचा, "डोळं उघडलं की वाटतं, कोण मेलं म्हणायचं आपल्यात? मग कळतं, आपूनच की."

तो हे हसत म्हणायचा. आई त्यावर आणखी रडायची.

हडपसरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या वेळेवर द्या, झोप मोडू देऊ नका, आणि विहीर, विस्तव, उंचावर चढणं एवढं सांभाळा. आमच्या घराने त्या तीन गोष्टींना फाटे फोडले. विहीर नको म्हणून पाटही नको. विस्तव नको म्हणून गुऱ्हाळाकडे फिरकायचं नाही. उंच नको म्हणून बैलगाडीत पुढे बसायचं नाही, सायकल नाही, लिंबाच्या झाडाखालीसुद्धा उभं राहायचं नाही. आता झाडाखाली उभं राहिल्याने कोण उंचावरून पडतं, हे मी एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "तू लई शानी हायेस." विषय संपला.

आणि एकटं तर कुठेच जायचं नाही. त्यासाठी मी होते. शाळेत माझं नाव वेगळं, घरात मी 'दादाची सोबत'. "सोबत कुठं गेली?" अशी आईची हाक यायची. मी त्याच्यापेक्षा बरीच लहान, त्याच्या खांद्यालाही न लागणारी. तो पडला असता तर मी काय धरणार होते? माझं काम ओरडायचं. तो बांधावर बसला की मी बांधावर. तो परसाकडे गेला तर मी पाठ करून उभी, आणि मधूनमधून विचारायचं, "दादा, हायेस का?" तो वैतागून म्हणायचा, "न्हाई. म्हमईला गेलोय."

गळिताच्या दिवसांत सगळ्या शिवाराला गुळाचा वास यायचा. काहिलीतला रस उकळायला लागला की त्यावरची मळी काढून टाकायचे, तिचा आंबूस वास वाऱ्यावर वस्तीपर्यंत यायचा. चिपाडं वाळत घातलेली असायची, त्यांचा वेगळा वास. संध्याकाळी कुणीतरी पाचट पेटवायचं आणि काळ्या काड्या उडत उडत अंगणातल्या वाळवणावर पडायच्या. हे सगळं दादा ओट्यावर बसून घ्यायचा. नाक वर करून सांगायचा, "आप्पांनी काहील उतरवली बघ." मी धावत जाऊन बघून यायची. उतरवलेली असायची. मी गुळाचा गरम गोळा पानावर घेऊन त्याच्यासाठी आणायची, दादा तो खायचा, आणि त्याच्या सुजलेल्या हिरड्यांना चटका बसायचा. फिटच्या औषधाच्या गोळ्यांनी हिरड्या सुजतात. गोळ्यांनी झोपही फार यायची. पुष्कळदा मला वाटायचं की दादा आमच्याशी पाण्याखालून बोलतोय.

आणि अंघोळ. मळ्यात असताना त्याची अंघोळ अंगणात दगडावर व्हायची, सगळ्यांसमोर. मिसरूड फुटल्यावर त्याने हट्ट धरला, तेव्हा आप्पांनी चार पत्रे उभे करून न्हाणी केली. पण आईने अट घातली. दाराला कडी नाही, आणि आत असेपर्यंत तोंड चालू ठेवायचं. आवाज थांबला की आम्ही आत शिरणार. आता अंघोळ करताना माणूस काय बोलणार? चार दिवस त्याने आईला शिव्या दिल्या. मग त्याने बसचे थांबे म्हणायला सुरुवात केली. कंडक्टर ओरडायचे तसे, हेल काढून. "मांजरी फार्म… हडपसर गाडीतळ… मगरपट्टा… वैदूवाडी… रामटेकडी… फातिमानगर… पूलगेट… स्वारगेट उतराऽ!" स्वारगेट आलं की अंघोळ संपली. थंडीत तो फातिमानगरलाच उतरायचा.

बसमध्ये तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा बसला असेल, तेही आई एका बाजूला आणि आप्पा दुसऱ्या बाजूला.

त्याला हवं होतं ते काही फार नव्हतं. त्याला एकदा एकट्याने उसाला पाणी धरायचं होतं. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना सांगते: कालव्याचं पाणी पाळीने येतं. आपली पाळी आली की खोरं घेऊन उभं राहायचं, पाटातलं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की मातीचा बांध फोडून पुढच्या सरीत, अशी सरी सरी करत रान भिजवायचं. यात बोलायला कुणी लागत नाही. माणूस, पाणी आणि ऊस. बांधावरच्या माझ्या सगळ्या लहानपणात दादा आप्पांना पाणी धरताना बघत होता.

मग मांजरीत जमिनी जायला लागल्या. कशा आणि का ते तुम्हीही पेपरात वाचलंय. कुणाच्या रानात खांब रोवले, कुणाच्या ओसरीवर पांढऱ्या गाड्यांतून माणसं येऊन बसली, एक दिवस आमच्याही ओसरीवर बसली. त्यांना आईने गुळाचा चहा दिला, त्यांनी तो अर्धा टाकला. ते गेल्यावर दादा म्हणाला, "आप्पा, रान जायच्या आधी एक पाळी मला द्या. दिवसाची. एकट्याला. सोबत नको."

आई म्हणाली, "येडा झालास का?"

आप्पा तंबाखू चोळत चोळत म्हणाले, "धर."

त्या दिवशी दादा पहाटेच उठला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, खोरं खांद्यावर टाकलं आणि आमच्याकडे न बघता निघाला. चालताना त्याचा एक खांदा वर होता, खोऱ्यामुळे नव्हे, ऐटीने. आई म्हणाली, "मी जरा गवत घिऊन येते." आप्पा म्हणाले, "मी आलोच चौकातनं." मला वाटलं, बरं झालं, दोघं गेली. आणि मी मागच्या बाजूने गुपचूप उसात शिरले.

ऊस डोक्याच्या वर गेलेला होता. पात्यांनी हात कापत होते, पाचटाचा आवाज होऊ नये म्हणून मी पाय उचलून उचलून टाकत होते. एका जागी बसले, तिथून दादाची पाठ दिसत होती. तो खोऱ्यावर रेलून उभा होता आणि पाणी सरीतून चाललं होतं. तो गात नव्हता, बोलत नव्हता. इतका गप्प दादा मी कधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडातून सवयीने "दादा, हायेस का?" निघणारच होतं, मी पदर… म्हणजे ओढणी तोंडात कोंबली.

मग तो हलला. त्याने एक बांध फोडला, आणि माझ्या डावीकडून "अगं आई गं" असं बारीक ऐकू आलं. माझ्यापासून चार सऱ्या सोडून आई उकिडवी बसली होती. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं, लुगड्याचा काष्टा भिजला, पण बाई उठायला तयार नाही. दादाने तो बांध घातला आणि दुसरा फोडला. पलीकडच्या अंगाला कुणीतरी खोकलं. आप्पांचा खोकला मी झोपेतही ओळखते. आणि तिसरं पाणी आलं ते थेट माझ्या बुडाखाली.

"आई, ऊठ आता," दादा आमच्याकडे न बघता म्हणाला. "सर्दी हुईल."

आम्ही तिघं तीन दिशांनी चिखलाने भरून बाहेर आलो. आप्पा म्हणाले, "उंदरं बघत व्हतो. लई उंदरं झाल्यात." आईच्या हातात विळा होता पण गवताची काडी नव्हती. मी म्हटलं, मी आईला शोधत होते. दादा आमच्याकडे बघून असा हसला की त्याला खोरं टेकून खाली बसावं लागलं. आम्हीही हसलो. आईने तर डोळ्याला पदर लावून हसून घेतलं. आणि मग दादाचं हसू कधी थांबलं ते आम्हाला कळलंच नाही.

"येक पाळी मागितली व्हती मी," तो म्हणाला. "येकच."

खोरं त्याने तिथेच पाटाच्या कडेला ठेवलं. उरलेलं रान आप्पांनी भिजवलं.

त्यानंतर या फ्लॅटमध्ये आलो. पाचवा मजला. आईने आल्या आल्या गॅलरीला जाळी ठोकून घेतली, वर-खाली, कबुतरसुद्धा येऊ नये अशी. बाथरूमची कडी बिल्डरच्या माणसाला बसवूच दिली नाही. लिफ्टमध्ये एकट्याने जायचं नाही, मधेच बंद पडली तर? जिन्याने एकट्याने जायचं नाही, पडलास तर? समोर काचेची इमारत उभी राहिली. संध्याकाळी तिच्यात दिवे लागायचे आणि आतली माणसं कॉम्प्युटरसमोर बसलेली दिसायची. दादा जाळीत बोटं अडकवून त्यांच्याकडे बघत बसायचा. म्हणायचा, "ह्यांना बी सोडत न्हाईत वाटतं घरी."

त्यांच्यातली एक मीच होते. तशाच एका कंपनीत मला टेस्टिंगचं काम लागलं होतं. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. सोबतीणीचंच काम, पगार तेवढा होता. स्थळं यायची, मुलाकडची माणसं पोहे खाऊन झाल्यावर आतल्या खोलीकडे बघत विचारायची, "भावाचं पुढे काय?" मी तशी फटकळ. म्हणायची, "भाऊ माझ्याबरोबर. तुमचं काय ते बोला." ती चहा संपवून उठायची. आप्पा याच फ्लॅटमध्ये गेले. मग आई, दादा आणि मी.

या घरात वासच नव्हता. फिनेलचा आणि गॅसवरच्या दुधाचा, बस. दादा सकाळी उठून नाक वर करायचा, सवयीने. मग खाली घालायचा. अंघोळीला मात्र बस रोज सुटायची, आणि टाइल्समुळे आवाज असा घुमायचा की खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी एकदा आईला विचारलं, "अहो, तुमच्याकडे कुणी पीएमटीत आहे का?"

एके दिवशी दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. एवढंच कळलं की ती जरा आडवी झाली होती आणि उठून बघते तो सोपान घरात नाही.

मी रिक्षा करून आले. आम्ही दोघी कुठे कुठे फिरलो! कालव्याच्या कडेने तर आई वाकून वाकून पाण्यात बघत चालत होती. मळ्याच्या जागी पत्रे लावून मोठं काम चाललं होतं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, यहाँ कोई नहीं आया." आई त्याला म्हणत होती, "आरं बाबा, आमचंच रान हाय हे." रेल्वेच्या रुळांपर्यंत गेलो. दवाखान्यात विचारलं. आणि खरं सांगते, एका क्षणी मला वाटलं की सापडला नाही तर? आणि त्या विचाराच्या मागोमाग एक मोकळा श्वास आला. तो श्वास मी घेतला. मग पुन्हा धावायला लागले.

दिवे लागायच्या वेळेला आम्ही घरी आलो तर दादा आमच्या दारासमोर जिन्यावर बसलेला. शर्टाला गोणपाटाची कुसं, केसांत कांद्याची सालं, कोपर खरचटलेलं. अंगाला कांद्याचा असा वास येत होता की डोळ्यांत पाणी यावं.

"कुठं गेला व्हतास?" आईने त्याचे दोन्ही दंड धरले.

"मार्केट यार्डात. गाडीतळावर बस बदलून. स्वारगेटपासून चालत गेलो."

"कुणाबर?"

"कुणाबर न्हाई."

दादाच्या लहानपणी आप्पा गुळाच्या ढेपा घेऊन तिकडे जायचे, तेव्हा त्यांनी एकदा त्याला टेम्पोत मधे बसवून नेलं होतं. ते त्याच्या डोक्यात राहिलं होतं. मी दार उघडलं, पाणी दिलं, कोपर धुतलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि भाकरी मागितली. आईने वाढली. अर्धी भाकरी झाल्यावर तो म्हणाला, "आली व्हती तिथं."

आईचा हात थांबला. "आन मग?"

"मग काय? पडलो. कांद्याच्या पोत्यांपाशीच पडलो, फार लागलं न्हाई. डोळं उघडून बघतो तर माझ्याकडं कोण बघतच न्हाई. हमाल चाललेत, गाड्या चालल्यात, काटा चाललाय. कुणीतरी उचलून मला पोत्यावर निजवलं व्हतं. उठून बसलो. तसा एक हमाल आला, पाठीवर हे एवढं पोतं. म्हणला, 'पाव्हणं, बरं वाटतंय का आता?' म्हणलं, वाटतंय. तर म्हणला, 'मग जरा तिकडं सरका, माल लावायचाय हितं.'"

"मग?" मी विचारलं.

"मग सरकलो."

हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मला त्याच्याकडे बघवेना. मला राग आला होता. जन्मभर आम्ही त्याच्यामागे रडलो, धावलो, आणि याला कौतुक कुणाचं, तर 'सरका' म्हणणाऱ्या हमालाचं! मी बोलणारही होते. पण तो आईकडे वळला आणि म्हणाला, "आई, तिथं कोण रडलं न्हाई गं. येक माणूस रडलं न्हाई."

आई रडायला लागली.

दादाने ताटातली भाकरी तशीच ठेवली. उठून तिच्याजवळ गेला, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि म्हणत राहिला, "बरं, बरं. न्हाई जात. न्हाई जात आता."

दुसऱ्या दिवसापासून आई दुपारची आतल्या खोलीत झोपेनाशी झाली. तिने चटई मुख्य दाराच्या उंबऱ्याशी घातली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिथे आडवी व्हायला लागली. सुट्टीच्या दिवशी मी घरी असायची तेव्हा बघायची. दादा चपला घालून दारापर्यंत यायचा आणि उभा राहायचा. आई डोळे मिटून पडलेली असायची. ती जागी आहे हे मला कळायचं, त्यालाही कळत असणार. दाराला कुलूप नव्हतं. एक पाऊल उचलून पलीकडे टाकलं असतं की झालं. तो खूप वेळ तिच्याकडे बघत राहायचा, मग चपला काढून हातात घ्यायचा आणि आत यायचा. निजलेल्या माणसाला ओलांडून जायचं नसतं, हे लहानपणी आईनेच आम्हाला शिकवलं होतं.